पाठीमागचा आकडा

माणसाला कोणता छंद कुठे गाठील याचा नेम नसतो. कोणी अडकित्ते जमवतो, कोणी पोस्टाची तिकिटे, कोणी नुसतीच दुसऱ्यांची उष्टी-खरकटी भांडणे. मला झारशाहीतल्या रशियन पदकांचा छंद लागला आणि तो लावला एका अण्णाने.

1984 साली मी मॉस्कोत होतो. रशियन पुस्तके आपल्या भाषांत छापणाऱ्या एका प्रकाशनगृहात मराठी अनुवादकाची नोकरी मिळाली होती. एके दिवशी चेकॉव्हची एक कथा टेबलावर येऊन पडली. तिच्या नावाचे सरळ मराठी होत होते, 'गळ्यातली अण्णा'. मी लेखणी खाली ठेवली. आमच्या घरी अण्णा म्हणजे माझे थोरले काका. ते गळ्यात पडले की माणसाचे काय होते हे आम्हां सर्व पुतण्यांना चांगले ठाऊक होते. पण रशियन वाचकाला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आमच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत एक साठी उलटलेले मुद्रितशोधक बसत. अंगाने किरकोळ, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा आणि बोलणे तोलूनमापून. त्यांचे नाव इथे देत नाही. ते त्यांना आवडले नसते. माझी अडचण ऐकून ते खुदकन हसले.

"अहो, कथेतली बायको आन्ना आहेच," ते म्हणाले, "पण नवऱ्याच्या गळ्यातली आन्ना म्हणजे बिल्ला. संत आन्नाचा सन्मान, दुसरा वर्ग. तिसरा वर्ग छातीवर लावायचा, दुसरा वर्ग गळ्यात फितीने अडकवायचा. आणि आमच्या भाषेत एखादा माणूस गळ्यात असणे म्हणजे काय, हे तुम्हांला वेगळं सांगायला हवं का?"

नको होते. गळ्यात पडणे, गळ्यात धोंड असणे हे आपल्याकडेही आहेच. बावन्न वर्षांचा नवरा, अठरा वर्षांची बायको, आणि साहेबाकडून गळ्यात बिल्ला पडावा म्हणून चाललेली त्या नवऱ्याची केविलवाणी धडपड. सारी कथा एका फितीला टांगलेली होती, आणि मला फितीचाच पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून एक पत्र्याचा डबा आणला. आपल्याकडे चकल्यांना वापरतात तसला. आत कापसाच्या घड्यांमध्ये दहा-बारा पदके होती. बहुतेक पितळी आणि काशाची, कडा झिजलेली. त्या दिवसापासून आमची जेवणाची सुट्टी म्हणजे माझी शाळा झाली.

झारच्या राज्यात सन्मानांची एक शिडीच होती. सर्वांत वरच्या पायरीवर संत आंद्रेई. हा सन्मान पीटर द ग्रेटने 1698 च्या सुमारास सुरू केला. स्वतः बादशहा असूनही त्याने तो पहिल्यांदा स्वतःला घेतला नाही. 1703 साली नेवा नदीच्या मुखाशी दोन स्वीडिश जहाजे पकडली तेव्हा तो त्याला मिळाला, आणि तोही सातव्या क्रमांकाने. त्याच्या बायकोने, कॅथरिनने, तुर्कांशी झालेल्या 1711 च्या मोहिमेत दाखवलेल्या धैर्याची आठवण म्हणून खास स्त्रियांसाठी संत कॅथरिनचा सन्मान निघाला. 1769 साली दुसऱ्या कॅथरिनने लष्करी पराक्रमासाठी संत जॉर्जचा सन्मान काढला, 1782 साली व्लादिमीरचा. आन्नाचा सन्मान जर्मन प्रांतातून आला, स्तानिस्लावचा पोलंडातून. सर्वांत खालच्या पायरीवर हा बिचारा स्तानिस्लाव.

"आमच्या कारकुनाचं आयुष्य या शिडीवर जायचं," ते म्हणत. "आणि गंमत अशी की सन्मान मिळाला की सरकारात पैसे भरावे लागत! फुकट काही नाही."

मला आमच्याकडच्या रावबहादुरांची आठवण झाली. कलेक्टरसाहेबांच्या पार्टीसाठी कर्ज काढणारे एक रावबहादूर माझ्या आजोबांच्या गोष्टींत वारंवार येत. माणसे सगळीकडची सारखीच.

चेकॉव्हने हे वेड फार जवळून पाहिले होते. त्याची 1884 ची आणखी एक कथा आहे. एक शाळामास्तर श्रीमंत व्यापाऱ्याकडे जेवायला जाताना मित्राचा स्तानिस्लाव उसना मागून छातीवर लावतो. पानावर बसतो तो समोरच त्याच्याच शाळेतला फ्रेंचचा मास्तर! आता छाती झाकायची कशी? उजवा हात बिल्ल्यावर ठेवून बिचारा उपाशी बसतो. शेवटी उघडे पडायची वेळ येते तेव्हा कळते, समोरच्यानेही छाती झाकलीच आहे; त्याने तर आन्ना उसनी आणली आहे! मग आमचे मास्तर खुशाल छाती काढून हिंडतात, आणि आपण व्लादिमीरच का नाही उसना आणला म्हणून हळहळतात. पुढे 1899 साली शिक्षणकार्याबद्दल खुद्द चेकॉव्हलाच सरकारने सन्मान दिला. कोणता? स्तानिस्लाव, तिसरा वर्ग!

अशा गोष्टींना अंत नव्हता. पीटरने आपला विश्वासघात करणाऱ्या सेनापती माझेपासाठी दहा पौंड वजनाचे चांदीचे पदक करायला सांगितले होते. त्यावर फास लावून घेतलेला जुडास आणि तीस नाणी. जपानशी झालेल्या 1904-05 च्या युद्धात रशिया हरला, तरी पदक निघाले. त्यावर काय लिहावे याचा मसुदा झारपुढे गेला, झारने समासात 'यथाकाल सादर करावे' असा शेरा मारला, आणि एका आज्ञाधारक कारकुनाने 'यथाकाल' हा शब्दसुद्धा मजकुरात घालून पदक पाडून घेतले, अशी दंतकथा आहे. देव तुम्हांला यथाकाल वर उचलील, अशा अर्थाचा मजकूर खरोखरच त्या पदकावर आहे. शब्द धर्मग्रंथातलेच आहेत. पण कोणत्याही कचेरीत ज्याने चार वर्षे काढली आहेत त्याला ती दंतकथाच अधिक खरी वाटते.

आणि लेनिनचे वडील, शाळांचे तपासणीस, यांना 1882 साली व्लादिमीरचा तिसरा वर्ग मिळाला होता, हे सांगताना मात्र आमचे मुद्रितशोधक उठून दार लावून घेत.

मीही मग रविवारी हिंडू लागलो. शहराच्या कडेला एका उद्यानात तेव्हा जुन्या वस्तूंचा बाजार भरू लागला होता. समोवार, मूर्ती, बाहुल्या आणि फडक्यावर मांडलेली पदके. सोव्हिएत पदकांची विक्री हा गुन्हा होता, झारच्या पदकांची गोष्ट वेगळी. त्यामुळे झार फडक्यावर उघडा बसे आणि पुढची राजवट विक्रेत्याच्या खिशात. कधी कधी आमचे मुद्रितशोधकही बरोबर येत. मी पुढची बाजू पाही: मुकुट, गरुड, मुलामा. चांदीवर 84 आणि सोन्यावर 56 असा कसाचा आकडा कुठे शोधायचा, घडवणाऱ्या सोनाराची अक्षरे कुठे असतात, हे त्यांनीच मला शिकवले होते.

पण त्यांची स्वतःची एक लकब होती. सेंट जॉर्जचा शिपाई-क्रॉस दिसला की ते पुढची बाजू बघतच नसत. उचलत आणि पहिल्यांदा उलटा करत. चष्मा कपाळावर सारून पाठीमागचा आकडा वाचत, ओठांतल्या ओठांत पुटपुटत, आणि जपून खाली ठेवत. विकत कधीच घेत नसत.

हा क्रॉस साध्या शिपायांसाठी 1807 साली निघाला. अधिकाऱ्यांच्या क्रॉसवर पांढरा मुलामा. शिपायाचा नुसता चांदीचा. पुढे 1856 साली त्याचे चार वर्ग झाले, वरचे दोन सोन्याचे, खालचे दोन चांदीचे. पुढच्या बाजूला घोड्यावरचा संत जॉर्ज अजगराला भाला मारतो आहे. फीत नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांची. 1844 पासून ख्रिस्ती नसलेल्या शिपायांसाठी जॉर्जच्या जागी दुतोंडी गरुड घालू लागले, तेव्हा कॉकेशसमधले मुसलमान शिपाई, आम्हांला पाखरू नको, घोडेस्वारच द्या, म्हणून अडून बसले असे सांगतात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या फौजेतल्या आपल्या काही हिंदी शिपायांच्या छातीवरही हा झारचा क्रॉस लागला. ज्याच्या छातीवर हा क्रॉस, त्याला फटके मारता येत नसत. ज्या फौजेत फटके हा रोजचा शिधा होता, तिथे या एका सवलतीची किंमत काय असेल ते आपण ताडावे.

आणि पाठीमागे, आडव्या दोन बाहूंवर, ठोकलेला आकडा. शिपायाचे नाव नाही, नुसता आकडा. महायुद्धात चौथ्या वर्गाचे आकडे दहा लाखांपलीकडे गेले. तेव्हा वरच्या बाहूवर दशलक्षाची खूण ठोकून पुढची मोजणी चालू ठेवावी लागली.

"तुम्ही कोणता आकडा शोधता?" मी एकदा विचारले.

त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. पुढे दोन-तीन महिन्यांनी, बर्फात ट्रॉलीबसची वाट पाहत असताना, आपणहून सांगू लागले.

त्यांचे वडील व्होल्गाकाठच्या एका खेड्यातले शेतकरी. महायुद्धात दोन क्रॉस मिळाले. चौथा वर्ग 1915 मध्ये, चांदीचा. तिसरा 1917 च्या वसंतात. तोवर खजिन्याची दशा अशी झाली होती की क्रॉसमध्ये मौल्यवान धातू घालणेच बंद झाले होते. चांदीऐवजी पांढरा धातू, आणि तसे कबूल करणारी दोन अक्षरे खाली कोरलेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नव्या सरकारने सगळे जुने सन्मान एका हुकुमाने रद्द केले. वडिलांनी दोन्ही क्रॉस फितीसकट फडक्यात बांधून चुलीमागे ठेवले. 1931 साली ते टायफसने गेले.

मग 1933 चा दुष्काळ. सरकारी 'तोर्गसिन' दुकानांत सोने-चांदी दिली की पीठ मिळे. त्यासाठी लोक लग्नाच्या अंगठ्या नेत, मूर्तींवरचे पत्रे नेत, चमचे नेत. आई अकरा वर्षांच्या या मुलाला घेऊन शहराकडे चालत निघाली. पदराआड ते फडके.

"वाटेत आईने मला बापाच्या चांदीच्या क्रॉसचा आकडा पाठ करायला लावला," ते म्हणाले. "सहा आकडे. बर्फात पाऊल टाकायचं आणि एक आकडा म्हणायचा. चुकलो की थांबायचं, पुन्हा पहिल्यापासून. मला राग आला होता. भूक लागली होती. दुकानात माणसाने चांदीचा क्रॉस तराजूत टाकला. पांढऱ्या धातूचा उचलून बघितला आणि आमच्याकडे परत सरकवला. म्हणाला, हे काही नाही. पिशवीच्या तळाशी बसेल एवढं पीठ मिळालं. आम्ही वाचलो."

ट्रॉलीबस आली आणि गेली. आम्ही चढलो नाही.

"म्हणजे खरा होता तो गेला आणि खोटा होता तो घरी आला," मी म्हणालो. वाक्य तोंडातून निघाले आणि मला त्याची लाज वाटली.

"खोटा कसा?" ते शांतपणे म्हणाले. "धातू हलका होता. बाप तोच होता."

पुढच्या युद्धात ते स्वतः लढले. 1944 साली त्यांना 'कीर्ती' नावाचा शिपायांचा सोव्हिएत सन्मान मिळाला, तिसरा वर्ग. हा सन्मान 1943 मध्ये निघाला आणि त्याची फीत होती नारिंगी-काळी! नाव बदलले, राज्य बदलले, झार गेला, फीत तीच. रुग्णालयात खाटेवर ती छातीला टाचली तेव्हा आई शेजारी होती. तिने फितीवरून बोट फिरवले आणि मुलाला विचारले, "आकडा आठवतो ना?"

चांदी वितळली असणार हे त्यांना माहीत नव्हते असे नाही. तरी जिथे क्रॉस दिसेल तिथे ते उलटा करून पाहत आले होते. चाळीस वर्षे.

1990 च्या हिवाळ्यात ते आजारी पडले. माझी नोकरी संपत आली होती. वसंतात मी परतणार होतो. त्याच सुमारास त्या रविवारच्या बाजारात एक तरुण विक्रेता मला म्हणाला, "तुम्हांला विशिष्ट आकडा हवा आहे का? कोणताही सांगा. पुढच्या रविवारी हजर."

मी वीस पावले पुढे गेलो आणि परत आलो. आकडा मला पाठ होता. त्यांच्याकडून ऐकून ऐकून झाला होता. मी तो सांगितला.

पुढच्या रविवारी क्रॉस तयार होता. काम सुरेख. चांदी जुनी दिसेल अशी काळवंडलेली, कडा मुद्दाम झिजवलेल्या, पाठीमागे ते सहा आकडे. मनाशी मी सगळे ठरवले होते. म्हाताऱ्या माणसाला मरताना एक सुख द्यायचे, त्यात पाप कसले? आपल्याकडे गंगा म्हणून नळाचे पाणी तोंडात घालतातच की. चेकॉव्हचा तो उसना बिल्ला लावणारा मास्तर मला त्या दिवशी आठवला असता तर बरे झाले असते. पण तो आठवला नाही.

रुग्णालयात गेलो. कोटाच्या आतल्या खिशात क्रॉस होता. ते उशाला टेकून बसले होते. बाजाराची हकीगत विचारली, भाव विचारले. मग म्हणाले, "एक सांगू? तो सापडला नाही हे बरंच झालं. सापडला असता तर मी त्याच दिवशी शोधणं थांबवलं असतं. बाकीच्यांच्या पाठी कोणी वाचल्या असत्या? चाळीस वर्षांत शेकडो आकडे वाचले मी. विकणारे पुढचा घोडा दाखवतात. पाठ कोणी बघत नाही. प्रत्येक आकडा कोणाचा तरी बाप आहे हो."

मी खिशात हात घातला होता. तो तसाच बाहेर काढला. त्यांना संत्री सोलून दिली.

मार्चमध्ये मी परतलो. मे महिन्यात ते गेल्याचे पत्र आले. डबा त्यांच्या मुलीकडे आहे; पांढऱ्या धातूचा क्रॉस त्यातच आहे.

म्हणजे माझ्या संग्रहात या सर्व खटाटोपातून उरला तो एकच क्रॉस, आणि तो खोटा. इतकी वर्षे तो माझ्या टेबलाच्या खणात होता. पाहुणे आले की मी पदकांच्या गोष्टी रंगवून सांगे, पण खण उघडत नसे. मधल्या काळात जग पुष्कळ बदलले. सोव्हिएत राज्य गेले. रद्द झालेले झारचे सन्मान नव्या रशियाने पुन्हा सुरू केले. संत आंद्रेईचा 1998 साली, आणि 2024 मध्ये तो क्रेमलिनमध्ये भारताच्या पंतप्रधानांना देण्यात आला. वर्तमानपत्रातले ते चित्र पाहताना माझी नजर निळ्या फितीवर गेली आणि मनात आले, आमचे मुद्रितशोधक असते तर म्हणाले असते, पाठ दाखवा.

दरम्यान रशियात काही चिकाटीच्या माणसांनी लष्करी दप्तरखान्यातले हुकूम उपसून महायुद्धातल्या जॉर्ज क्रॉसच्या याद्या छापायला घेतल्या. 2012 पासून त्यांचे जाडजूड खंड निघू लागले. आकड्यांच्या क्रमाने, समोर शिपायाचे नाव. पुष्कळ जागा रिकाम्या आहेत, कागदच उरलेले नाहीत. मी मॉस्कोतल्या एका जुन्या सहकाऱ्याला तो आकडा कळवला. रिकामी जागा असेल असे धरूनच चाललो होतो.

दोन आठवड्यांनी उत्तर आले. नाव होते. वडिलांचे नाव, पलटण, तारीख. एक ओळ. मी ती मुलीला कळवली. तिने फोनवर ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आजवर माझ्या खणातला क्रॉस ही माझी एक खासगी लबाडी होती. आता त्या आकड्याला नाव होते. उद्या मी गेल्यावर मुले खण आवरतील, क्रॉस कोणा व्यापाऱ्याकडे जाईल, व्यापारी यादी उघडील, आणि आकडा जुळेल! एका शेतकऱ्याच्या नावावर तो तुकडा चढ्या भावाने विकला जाईल. ज्या बाईने पोटच्या पोरासाठी खरा क्रॉस तराजूत टाकला, ती खोटी ठरेल. त्या पिठाचा हिशेब चुकेल.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत, घरातली मंडळी फराळाच्या गडबडीत असताना, मी गॅलरीत बसलो आणि कानस घेऊन त्या क्रॉसच्या पाठीवरचे आकडे एकेक करून घासून काढले. वेळ लागला. आधीच म्हातारे हात, आणि त्या तरुणाने काम मन लावून केले होते. एकेक आकडा जाताना मी तो मोठ्याने म्हणत होतो. चुकलो नाही.

नातू विचारत आला, "आजोबा, काय करताय?"

"एक चूक दुरुस्त करतोय," मी म्हणालो.

तो आकडा मी इथे छापत नाही. छापला तर पुढच्या रविवारी कुठे तरी तो पुन्हा ठोकला जाईल. पण नातवाला मी तो सांगितला आहे. संध्याकाळी जिना उतरताना आम्ही पायरीला एक याप्रमाणे तो म्हणतो. त्याचा तो आता पाठ होत आला आहे.